‘मर्डर इन मेसोपोटेमिया’: खापरं धुणाऱ्या पोराने वाचलेली

घोड नदीकाठच्या इनामगावात १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने जुन्या वस्तीचं उत्खनन केलं. त्यातले दोन हिवाळे मी तिथे खापरं धुतली. वय बारा-तेरा असेल. चुलते खड्ड्यातली माती वाहायचे आणि मी ब्रश घेऊन पाण्याच्या घमेल्यापाशी बसायचो. परवा पुण्यात जुन्या पुस्तकांच्या गाडीवर अगाथा ख्रिस्तीची १९३६ सालची ही कादंबरी नव्वद रुपयांना मिळाली. वाचता वाचता अंगणात खोदकामात सापडलेली भांडी धुणारा अब्दुल्ला नावाचा अरब पोरगा भेटला आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो.

गोष्ट इराकमधल्या एका उत्खननाच्या वाड्यात घडते. मोहिमेचे प्रमुख डॉ. लाइडनर यांची देखणी बायको लुईझ कशाला तरी घाबरलेली असते, म्हणून तिच्या सोबतीला एमी लेदरन ही नर्स बोलावतात. सगळी हकिगत या नर्सच्याच तोंडून येते. एका दुपारी लुईझ स्वतःच्या खोलीत डोक्यावर घाव बसून मेलेली सापडते. खिडकीला गज, दार एकच, तेही अंगणात उघडणारं. बाहेरचं कोणी आत आलेलं नाही. म्हणजे खुनी जेवणाच्या टेबलावर रोज सोबत बसणाऱ्यांपैकीच. मग ख्रिस्तीबाईंचा गुप्तहेर हर्क्युल पायरो येतो.

ख्रिस्तीबाईंना हे जग ऐकीव नव्हतं. दक्षिण इराकमधल्या उर या प्राचीन शहराच्या जागी लिओनार्ड वुली खोदत होते, तिथे त्या १९२८ साली पहिल्यांदा गेल्या. वुलींचे मदतनीस मॅक्स मॅलोवन त्यांना १९३० साली तिथेच भेटले आणि त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. पुढे उत्तर इराकमधल्या निमरुदच्या उत्खननात सापडलेले हस्तिदंताचे तुकडे त्यांनी विणायच्या बारीक सुईने आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीमने साफ केले. असे हात मातीत घातलेल्या बाईलाच वाड्यातल्या बारीकसारीक गोष्टी ठाऊक असणार: सापडलेल्या वस्तूंची वेगळी खोली, नकाशे काढायची खोली, भांड्यांवरचा थर काढायला ठेवलेलं आम्ल. त्या आम्लाचं पुढे काय होतं ते सांगत नाही. आमच्याकडे चुनखडी चढलेल्या खापरांना सौम्य आम्ल लावायचे, पण त्या बाटलीच्या आसपास आम्हा पोरांना फिरकू देत नसत.

नर्सबाईला खोदकामावर नेतात तर तिला सगळीकडे मातीच दिसते. हे अगदी खरं आहे. इनामगावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, येणारे पाहुणेही चेहरा पाडूनच परत जायचे. मातीच्या भिंतीतून मातीची भिंत ओळखायला नजर तयार व्हावी लागते. पुस्तकात वाड्याचा नकाशा छापला आहे, तो मी पुन्हा पुन्हा उलटून पाहिला. खापर नेमकं कुठे पडलं होतं याची नोंद हुकली की ते मुकं होतं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पायरोही कोण कुठे होतं, किती वेळ होतं, एवढंच चिवटपणे विचारत राहतो. मला तो भाग सगळ्यात आवडला.

शेवटचा उलगडा मात्र पूर्ण पटला नाही. एका माणसाने दुसऱ्याला ओळखायलाच हवं होतं असं मला वाटत राहिलं. याहून जास्त बोललो तर तुमचं वाचन नासेल. खुनाची युक्ती मात्र पक्की आहे आणि ती उत्खननाच्या वाड्यातच सुचावी अशी आहे.

खरी तक्रार वेगळीच आहे. अरब मजूर, स्वयंपाकी, पहारेकरी यांना या पुस्तकात जवळजवळ चेहराच नाही. आणि सगळा पेच उभा आहे तो अब्दुल्लावर! अंगणात लक्ष ठेवणारा मोहिमेतला एमट दहा मिनिटं गच्चीवर जातो, तेवढ्यात हा पोरगा काम टाकून फाटकाबाहेर गप्पा मारायला सटकतो. अंगण मोकळं पडतं. त्या दहा मिनिटांचा हिशेब पायरो चोख मांडतो. पण त्या पोराला पुढे कसं वाटलं असेल, हे विचारावंसं कुणालाच वाटत नाही.

मी विचारतो, कारण मीही एकदा सटकलो होतो. चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला पुरुषाचा सांगाडा निघाला म्हणून सगळे धावले, तसा मीही धावलो. इनामगावात मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले सापडायचे, याचे मात्र शाबूत होते. परत आलो तर वाळत घातलेल्या खापरांवरची चिठ्ठी वाऱ्याने उडालेली आणि जमिनीच्या दोन वेगळ्या थरांतली खापरं कुत्र्याने एकमेकांत तुडवलेली. आमचे साहेब ओरडले नाहीत. कंदील लागेपर्यंत एकेक खापर उजेडाला धरून वेगळं करत बसले. मी शेजारी बसून ते टोपलीत ठेवत होतो. ज्यांचा थर ठरेना अशी ओंजळभर खापरं शेवटी त्यांनी बाजूला टाकली. ती कुठल्या घरातली होती हे आता कुणालाच कळणार नाही.