लीडरशिप कोचिंगच्या नावाखाली माझे १,६९,०९८ रुपये गेले आणि माझ्या टीमचे नंबरही

आधी हिशेब देते. वेबिनारचे ९९ रुपये. दोन दिवसांच्या ऑनलाइन शिबिराचे ४,९९९. मुख्य कार्यक्रमाचे १,२५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४७,५००. माझ्या टीममधल्या ११ जणांकडून माझ्याबद्दल ‘३६० अंश फीडबॅक’ घेण्याचे माणशी १,५०० प्रमाणे १६,५००. बेरीज १,६९,०९८. यातला एक रुपयाही परत मिळालेला नाही. त्यातले ९७,५०० तर कर्जाचे आहेत, ९,७५० रुपयांचे दहा हप्ते. कोचिंग बंद पडलं, हप्ता सुरूच आहे.

९९ रुपयांच्या वेबिनारपासून लाखाच्या पॅकेजपर्यंत माणसाला कसं नेतात, हे सांगत बसत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत लागणारं घड्याळ, ‘फक्त पाच जागा’, रात्री उशिरा येणारा ‘डिस्कव्हरी कॉल’ (तुमची अडचण समजून घेण्याच्या नावाखाली केलेला विक्रीचा फोन) हे सगळं तुम्ही पाहिलेलं असणार. मीही पाहिलेलं होतं. तरी पैसे भरले, आणि का भरले ते सांगायला मला लाज वाटायचं कारण नाही.

स्वतःचं काम उत्तम करते म्हणून मला बढती मिळाली आणि एका सकाळी ११ माणसं माझ्या हाताखाली आली. माणसं कशी सांभाळायची, नाराज माणसाशी कसं बोलायचं, वरून आलेला दबाव खाली किती पोहोचू द्यायचा, यातलं काहीही कुणी शिकवलं नाही. टीममधली दोन चांगली माणसं सोडून गेली तेव्हा मीटिंगमध्ये उत्तर मला द्यावं लागलं. कंपनीकडे प्रशिक्षणासाठी बजेट नव्हतं, म्हणून मी स्वतःच्या खिशातून मदत शोधली. टीम नीट चालवता यावी म्हणून शिकायला जाणाऱ्या माणसाला कुणी हावरट म्हणू नये. मला झटपट श्रीमंत व्हायचं नव्हतं.

त्यांच्या नोंदणी अर्जात ‘टीम लीडर म्हणून तुमची सर्वांत मोठी भीती कोणती?’ असा प्रश्न होता. मी खरं ते लिहिलं: आणखी कुणी सोडून गेलं तर माझ्यावर बालंट येईल. डिस्कव्हरी कॉलवरच्या माणसाने तेच वाक्य मला ऐकवलं. ‘मॅडम, पुढचा राजीनामा आला तर मॅनेजमेंट कुणाकडे बघेल?’ अर्जात पगार आणि बचतही विचारली होती. विकणाऱ्याला तुमची भीती आणि तुमची बचत एकाच कागदावर मिळाली, तर किंमत तो त्या कागदावरूनच ठरवतो. असा अर्ज भरू नका.

आता ज्या क्षणाची मला रोज आठवण होते आणि रोज संताप येतो, त्याबद्दल. ३६० अंश फीडबॅकची लिंक आली, टीमला पाठवण्याआधी मी ती उघडून बघितली. पहिल्याच पानावर लाल तारांकित रकाने होते: पूर्ण नाव, मोबाईल नंबर, पगाराचा टप्पा, ‘तुम्हाला स्वतःचं करिअर वाढवायचं आहे का?’ त्यानंतर कुठे माझ्याबद्दलचे प्रश्न. मी त्या पानावर थांबले होते. फीडबॅकला पगार कशाला हवा, असा मेसेजही केला. उत्तर आलं, ‘डेटा बेंचमार्किंगसाठी, मॅडम. सगळं गोपनीय असतं.’ पैसे भरून झाले होते, करार सही होऊन गेला होता, समोरचा माणूस स्वतःला प्रमाणित मास्टर कोच म्हणवत होता. त्या परिस्थितीत कुणीही विश्वास ठेवला असता. मीही ठेवला आणि लिंक टीमला पाठवली.

पण तो थांबण्याचा क्षण होता. खऱ्या ३६० अंश फीडबॅकचा पायाच निनावीपणा असतो. सहकाऱ्यांची उत्तरं एकत्र करून दाखवतात, आणि एखाद्या गटात उत्तर देणारे तीनपेक्षा कमी असतील तर त्या गटाचे आकडे सहसा वेगळे दाखवतच नाहीत, म्हणजे कोण काय बोललं ते कळू नये. तिथे मोबाईल नंबरचं काही काम नसतं. तुमच्या टीमला असली लिंक आली तर एकालाही भरू देऊ नका.

पुढे जे झालं ते पैशांपेक्षा जास्त लागलं. टीममधली एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, ‘मॅम, तुम्ही माझा नंबर कुणाला दिला होता का? ते म्हणतात, तुमच्या बॉसबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते आम्ही वाचलंय, अशा बॉसच्या हाताखाली वाढ होत नाही, आमचा कोर्स करा.’ तिने माझ्याबद्दल प्रामाणिकपणे चार कडक ओळी लिहिल्या होत्या. त्या ओळी वापरून तिलाच ४,९९९ चं शिबिर विकत होते. मग एकेक करून इतरांनीही तेच सांगितलं. ज्या टीमचा विश्वास मिळवायला मी गेले होते, तिच्यासमोर मान खाली घालून उभं राहायची वेळ या लोकांनी माझ्यावर आणली.

आणि १६,५०० रुपयांचा तो अहवाल! ‘तुमच्यात मोठी क्षमता आहे, पण ती तुम्ही पूर्ण वापरत नाही. बाहेरून तुम्ही खंबीर दिसता, आतून कधी कधी साशंक असता.’ वाचताना वाटलं, अगदी मीच. याच बॅचमधल्या दुसऱ्या एकीने तिचा अहवाल पाठवला, तेव्हा शब्द न् शब्द तोच निघाला. फक्त नाव बदललेलं. ही युक्ती जुनी आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि सगळ्यांच्या हातात एकच वर्णन दिलं. ते किती अचूक आहे असं विचारल्यावर विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. अहवाल हातात पडला की बॅचमधल्या दुसऱ्या कुणाच्या तरी अहवालाशी ताडून बघा.

‘मास्टर कोच’बद्दलही ऐका. कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही, उद्या कुणीही पाटी लावू शकतो. प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्था मात्र आहेत. १९९५ पासून काम करणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं सगळ्यात खालचं प्रमाणपत्र मिळवायला ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचं प्रत्यक्ष कोचिंग लागतं. मास्टर दर्जासाठी २०० तासांचं शिक्षण आणि २,५०० तासांचं कोचिंग. नाव घालून शोधायची सोय त्यांच्या साइटवरच आहे. आमच्या महाशयांचं नाव तिथे नाही. विचारलं तर म्हणाले, ‘आमची स्वतःची अकॅडमी सर्टिफिकेट देते.’

कबूल केलेली त्यांची वैयक्तिक सत्रं मला मिळालीच नाहीत. त्यांच्याऐवजी एक मुलगा यायचा आणि स्क्रीनवरचे प्रश्न वाचून दाखवायचा. गटाच्या कॉलवर सगळे म्यूट, आणि शेवटी ४,५०,००० च्या पुढच्या पातळीची जाहिरात: तुम्हीच कोच बना, माणसं आणा, २० टक्के कमिशन घ्या. तिथे मी पैसे परत मागितले. ‘१०० टक्के मनी बॅक’ची अट तेव्हा वाचायला मिळाली. प्रत्येक लाइव्ह सत्राला कॅमेरा सुरू हवा, प्रत्येक वर्कशीट वेळेत हवी, आणि मागणी पहिल्या सात दिवसांतच हवी. पहिल्या आठवड्यात वैयक्तिक सत्रच ठेवलेलं नसतं.

पोलीस ठाण्यात ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ओटीपी तुम्हीच टाकलात ना? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे.’ सायबर कक्षाकडे पाठवलं. त्यांनी परत पोलीस ठाण्याकडे बोट दाखवलं. कार्डाने भरलेले पैसे परत मिळावेत ही माझी मागणी बँकेने फेटाळली, कारण मी कोर्समध्ये ‘लॉगिन केलेलं’ दिसतं. कर्ज देणारी कंपनी म्हणते, आमचा करार वेगळा, कोर्सशी आमचा संबंध नाही. मग कोर्सवाल्यांच्याच सेल्स कॉलवर, त्यांच्याच लिंकवरून ते कर्ज मंजूर कसं झालं? याचं उत्तर कुणीही देत नाही. हेल्पलाइनवरची तक्रार तर ‘कंपनीने उत्तर दिले’ एवढ्यावर बंद केली. उत्तर काय दिलं, ते वाचायची तसदी कुणी घेतली नाही. आमच्या एचआरने मदत करायची सोडून, कर्मचाऱ्यांची माहिती बाहेर कशी गेली म्हणून माझ्याकडूनच लेखी खुलासा मागितला.

सगळीकडे माझ्यासमोर एकच गोष्ट ठेवली गेली: माझा व्हिडिओ. कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी, अजून काही शिकवलेलंच नसताना, त्यांनी सगळ्यांकडून ‘मला काय मिळालं’ असा एक मिनिटाचा अभिप्राय रेकॉर्ड करून घेतला होता. ‘यात तर तुम्ही समाधानी दिसता,’ असं मला एका साहेबांनी ऐकवलं. कोर्स संपायच्या आत कॅमेऱ्यासमोर कुणाचीही स्तुती करू नका.

पावतीही तपासा. माझ्याकडून २२,५०० रुपये जीएसटी म्हणून घेतले आणि पावतीवर १५ अंकाक्षरी जीएसटी क्रमांकच नाही. नोंदणी नसलेल्याला हा कर वसूल करताच येत नाही. ही एक गोष्ट दाखवल्यावर मात्र एका अधिकाऱ्याने पहिल्यांदा वही उघडली.

आता मी ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करता येते, आणि एकाच प्रकारे नुकसान झालेले अनेक जण आयोगाच्या परवानगीने एकत्रही येऊ शकतात. तुमच्याकडे ‘बाहेरून खंबीर, आतून साशंक’ असा अहवाल असेल तर तो, पावती, करार आणि सेल्स कॉलचं रेकॉर्डिंग डिलीट करू नका.