रेडिओथेरपी घ्यायची, रेडिओलॉजी घ्यायची, की थेट इंग्लंडचा फॉर्म भरायचा?

बारावी पीसीबी झाली, नीटचा स्कोअर आला, एमबीबीएस काही लागत नाही हे घरात एकदाचं मान्य झालं आणि आता पॅरामेडिकलची यादी समोर घेऊन बसलात, तर हे तुमच्यासाठी आहे. यादी लांबलचक असते पण नागपुरातले जे पोट्टे-पोट्टी मला विचारायला येतात त्यांचं गाडं फिरून फिरून दोनच ठिकाणी अडतं, रेडिओथेरपी टेक्नॉलॉजी घेऊ का रेडिओलॉजी म्हणजे इमेजिंग घेऊ. आणि ज्यांच्या घरी पैशाची थोडी सोय आहे ते हळूच विचारतात, ताई, तिकडे इंग्लंडात रेडिओथेरपी अँड ऑन्कॉलॉजी नावाचीच डिग्री आहे म्हणे, ती कशी? मी स्वतः रेडिओथेरपीवाली, म्हणून माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून टाकते, तेवढं वजा करून वाचा.

इमेजिंगवाला रोग शोधायला मदत करतो, एक्सरे, सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी वगैरे. थेरपीवाला कॅन्सरच्या गाठीवर रेडिएशन देतो. एवढं कुणीही सांगेल. खरा फरक रोजच्या कामात पडतो. इमेजिंगमध्ये पेशंट आला, स्कॅन झाला, गेला, पुढचा आला, उद्या तो रस्त्यात भेटला तरी ओळखणार नाही. थेरपीत तोच माणूस सोमवार ते शुक्रवार रोज येतो, आणि आपल्याकडे खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) कृपेनं तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट भरपूर, त्यांचा कोर्स ३३ ते ३५ सिटिंगचा, म्हणजे जवळजवळ सात आठवडे. गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ, पार बालाघाटहून आलेले लोक तेवढे दिवस धर्मशाळेत नाहीतर नातेवाइकाकडे पडून असतात, त्यांच्या पोरीचं लग्न कधी आहे, सोयाबीनला भाव काय मिळाला, सगळं तुम्हाला माहीत होतं.

आता यात टेक्नॉलॉजिस्ट नेमकं करतो काय. आधी मास्क बनवायचा, थर्मोप्लास्टिकची शीट गरम पाण्याच्या टबमध्ये मऊ करायची, झपकन चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत ओढायची आणि गार होऊन कडक होईस्तोवर धरून ठेवायची, पेशंट घाबरलेला असतो त्याच्याशी बोलत बोलत. मग त्याच मास्कमध्ये सीटी, त्यावर डॉक्टर गाठ आखतात, फिजिसिस्ट म्हणजे डोसचं गणित मांडणारे प्लॅन बनवतात, आणि त्यानंतर रोज तोच मास्क टेबलाला लॉक करून, लेझरच्या रेषा खुणांवर जुळवून, इमेज घेऊन मिलिमीटरमध्ये तपासून, दार बंद करून बाहेर कन्सोलवर यायचं आणि कॅमेऱ्यावर नजर ठेवून बीम सुरू करायचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलतं, जेवण जात नाही, वजन उतरतं आणि एक दिवस तुमच्या लक्षात येतं की मास्क गालापाशी ढिला लागतोय, आत बोट जातंय. हे बहुतेक वेळा आपल्यालाच आधी कळतं, कारण रोज हात आपला लागतो. तिथं 'चलता है' करून बीम मारला तर डोस भलतीकडे जाऊ शकतो, म्हणून थांबायचं, फिजिसिस्टला आणि डॉक्टरला बोलवायचं, कधी नवा मास्क, नवा सीटी, नवा प्लॅन. हे वाचून 'बापरे, रोज तेच' असं वाटलं का 'हे मला जमेल' असं वाटलं, ते स्वतःला विचारून बघा, माझ्या मते अर्धा निर्णय तिथंच होतो.

इमेजिंगला कमी लेखते असं समजू नका हं. रात्री दोनला वर्धा रोडवरची अ‍ॅक्सिडेंटची केस येते, पेशंट हलतोय, सोबतचे चार जण ओरडतायत, आणि तुम्हाला पाच मिनिटांत डोक्याचा स्वच्छ सीटी काढून द्यायचाय, ते मला आजही जमणार नाही. ज्याला वेग आवडतो, रोज नवीन केस आवडते, आणि माणसात फार गुंतायला नको वाटतं त्यानं बिनधास्त तिकडे जावं, यात कमीपणा काहीच नाही. थेरपीत कॅन्सरचे पेशंट दगावतातसुद्धा, आणि ओळखीचे होऊन जातात. एकच सांगते, इमेजिंगच्या कोर्समध्ये सोनोग्राफी करायला मिळेल या आशेवर राहू नका, आपल्याकडे पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यामुळे ती डॉक्टरच करतात.

नोकरीचं म्हणाल तर इथं इमेजिंग सरळ पुढे आहे. धंतोली-रामदासपेठेत एक चक्कर मारा, दर दोन बिल्डिंगमागे सेंटर, आणि उमरेड-काटोललाही एक्सरे मशीन असतंच. लिनॅकला, म्हणजे थेरपीत रेडिएशन देणाऱ्या मशीनला, मात्र जाड काँक्रीटचा बंकर लागतो, एईआरबीचं म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं लायसन्स लागतं, मशीनची किंमत कोटींत, म्हणून नागपुरात बोटावर मोजण्याएवढ्या जागा, तुकडोजी चौकातलं आरएसटी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं एनसीआय आणि काही प्रायव्हेट. जागा कमी पण शिकून बाहेर पडणारेही कमी, त्यामुळे हैदराबाद-मुंबई-रायपूर कुठेही जायची तयारी असेल तर थेरपीवाला रिकामा बसत नाही. गावातच राहायचंय, घरचं शेत बघत नोकरी करायचीय, तर थेरपीच्या वाटेला जाऊ नका. उलट नाइट ड्युटी थेरपीत सहसा नसते, मशीन दोन शिफ्टमध्ये चाललं तरी रात्री झोपायला घरी. इमेजिंगमध्ये नाइट लागणारच.

'पोरीनं रेडिएशनमध्ये काम केलं तर लग्नाचं कसं, मुलंबाळं कशी', हा प्रश्न मावश्या दोन्ही कोर्सला विचारतात. लिनॅकचा बीम बंद म्हणजे बंद, आणि बीम चालू असताना आपण बंकरच्या बाहेर असतो. दुसऱ्या प्रकारच्या म्हणजे कोबाल्टच्या मशीनमधला किरणोत्सर्गी सोर्स मात्र सतत चालू, तो शिल्डिंगमध्ये झाकलेला असतो एवढंच. छातीवर टीएलडी बॅज असतो, अंगावर किती रेडिएशन पडलं ते नोंदवणारा, तो दर तीन महिन्यांनी मोजायला जातो, आणि एईआरबीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशनच्या डोसचं माप), कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. नियम पाळणाऱ्या डिपार्टमेंटमध्ये आकडा याच्या खूप खाली राहतो. दिवस गेले की लगेच कळवायचं, ड्युटी बदलून मिळते. मावश्यांना एवढं सांगून चहा द्या.

फिजिक्स दोन्हीकडे आहे, थेरपीत जरा जास्त. कोबाल्ट-६० ची हाफ लाइफ ५.२७ वर्षं, म्हणून सोर्स जुना होत गेला की तेवढ्याच डोसला पेशंट जास्त वेळ टेबलावर, असल्या गोष्टी रोज कामाला येतात. पण एक गैरसमज फार पाहिला, 'आधी बीएससी रेडिओथेरपी करतो, मग मेडिकल फिजिसिस्ट होतो'. नाही होत बाबा. फिजिसिस्टला मुळात फिजिक्स विषयाची बीएससी लागते आणि त्यावर एमएससी मेडिकल फिजिक्स, किंवा एमएससी फिजिक्स करून बीएआरसी म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रासारख्या ठिकाणचा डिप्लोमा, ती वाट बारावीनंतरच वेगळी होते. आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर एमबीबीएस आणि मग एमडी, त्याला शॉर्टकट नाही.

कॉलेज बघताना ब्रोशरमधले फोटो सोडा, एकच विचारा, तुमचं स्वतःचं लिनॅक कुठंय आणि एका मशीनवर किती पोरं उभी राहतात. स्वतःचं मशीन नसलेली कॉलेजं 'टाय-अप आहे' म्हणतात, मग त्या हॉस्पिटलात जाऊन तिथल्या टेक्नॉलॉजिस्टलाच विचारा की यांची पोरं खरंच येतात का. युनिव्हर्सिटी कोणती, ही डिग्री एईआरबीच्या पात्रतेत बसते का, हे फी भरायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

आता इंग्लंड. शेफिल्ड हॅलम, हर्टफर्डशायर, कार्डिफ अशा युनिव्हर्सिट्यांत हा कोर्स आहे, साधारण तीन वर्षांचा, त्यातला मोठा भाग हॉस्पिटलात प्लेसमेंट. पास झालं की एचसीपीसी म्हणजे तिथल्या नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे नोंदणी, तेव्हाच 'थेराप्युटिक रेडिओग्राफर' म्हणवून घेता येतं. तिकडे या लोकांना अधिकार बराच, जास्तीचं ट्रेनिंग घेतलेल्यांना २०१६ पासून औषधं लिहून द्यायचीसुद्धा मुभा आहे, आपल्याकडे हे स्वप्नातही नाही. पण फी परदेशी विद्यार्थ्याची, म्हणजे घरच्या लोनचा आकडा बघून बाबांना घाम फुटेल, आणि एनएचएस म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून विद्यार्थ्यांना वर्षाला ५,००० पौंड मिळतात असं जे कुणी सांगतं ते तिथल्या पोरांसाठी, तुमच्यासाठी नाही. आणखी एक, तिकडे ब्रेस्ट आणि प्रोस्टेट जास्त, ब्रेस्टचा कोर्स तर २०२० नंतर बऱ्याच जणींचा पाच सिटिंगमध्ये, आठवड्यात संपतो. मी वर सात आठवड्यांच्या ओळखीचं एवढं कौतुक केलं ना, ते तिकडे त्या मापानं मिळेलच असं नाही. ज्याला ते जास्त हवंय त्याला नागपूर बरं, हे गमतीनं म्हणत नाहीये.

तिकडचा फॉर्म यूकॅसवर, म्हणजे सगळ्या युनिव्हर्सिट्यांच्या एकत्र प्रवेश-अर्जाच्या साइटवर, पाच चॉइस, मुख्य डेडलाइन जानेवारीत, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत लिहून झालेला हवा. आता पर्सनल स्टेटमेंट तीन प्रश्नांत विचारतात, तिन्ही मिळून ४,००० कॅरेक्टर. 'लहानपणापासून समाजसेवेची आवड' हे वाक्य पहिलं खोडा. थेरपीच का, इमेजिंग किंवा नर्सिंग का नाही, हे ते हमखास बघतात, आणि बऱ्याच ठिकाणी डिपार्टमेंट प्रत्यक्ष बघितलंय का असंही विचारतात.

म्हणून कुठलाही फॉर्म भरा, आधी एखाद्या कॅन्सर हॉस्पिटलच्या रेडिओथेरपी विभागप्रमुखाला साधा अर्ज द्या की एक दिवस बघायला येऊ का. सगळे हो म्हणत नाहीत, पण विचारणारे इतके कमी असतात की बरेचदा हो मिळतं. सकाळच्या पहिल्या पेशंटपासून थांबा, पेशंटचे फोटो काढू नका, मोबाइल बॅगेत ठेवा, आणि जेवायच्या सुट्टीत टेक्नॉलॉजिस्टला पगार किती ते पण विचारून घ्या, लाजू नका, आम्ही सांगतो.