आइसलंडमध्ये फुटबॉलचा सामना पाहायचाय: राष्ट्रीय संघाचा की क्लबचा?

उन्हाळ्यात रेक्याविकला जाणाऱ्या एका मैत्रिणीला एकाच सामन्यापुरता वेळ आहे. कुठला पाहावा, या पेचात ती आहे.

तारखांचा प्रश्न सरळ आहे. राष्ट्रीय संघ आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या ठरावीक दिवसांतच खेळतो आणि त्यातले निम्मे सामने परदेशात. देशातल्या १२ क्लबांची लीग मात्र एप्रिल ते ऑक्टोबर चालते. जुलैत गेलात तर तीच मिळेल.

दर्जात राष्ट्रीय संघ निर्विवाद वरचढ, कारण त्यातले बहुतेक खेळाडू परदेशातल्या लीगांमध्ये खेळतात. याच जर्सीने २०१६च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला २-१ हरवलं आणि २०१८च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला १-१ रोखलं. तेव्हा गोलरक्षक हाल्डोरसनने मेस्सीची पेनल्टी अडवली होती! जेमतेम साडेतीन लाख वस्तीच्या देशाने हे केलं.

पण ते खेळाडू घडले कुठे? क्लबांत. हिवाळ्यातही सराव व्हावा म्हणून बांधलेली बंदिस्त मैदानं आणि लहान मुलांनाही मिळणारे प्रशिक्षित कोच, हा सगळा पाया तिथेच आहे. क्लबही आता मागे नाहीत. २०२३मध्ये कोपावोगुरचा ब्रेदाब्लिक युरोपीय स्पर्धेच्या गटसाखळीत पोचलेला देशातला पहिला पुरुष क्लब ठरला. पुढच्या हंगामात व्हिकिंगुर हा क्लब कॉन्फरन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेच्या बाद फेरीपर्यंत गेला. मैदानं छोटी, त्यामुळे खेळ अगदी हाताच्या अंतरावर.

मोठा प्रतिस्पर्धी आणि अख्ख्या देशाचा आवाज हवा असेल, तर सहलीच्या तारखा राष्ट्रीय संघाच्या वेळापत्रकावरून ठरवा. हे फुटबॉल उभं कसं राहिलं ते समजून घ्यायचं असेल, किंवा सोबत मुलं असतील, तर लीगचाच सामना. मैत्रिणीला मी लीगच सुचवली.