प्रबंधासाठी कोकणचा कोळीवाडा, की आपला मामा तलाव?

मासेमार समाजातला बदल हा विषय ठरला, की भंडारा-गोंदियाकडचे विद्यार्थी लगेच कोकणाचं नाव घेतात. कारणही आहे. तिथे बदल ठळक दिसतो. यांत्रिक बोटी आल्या, १९८१ मध्ये राज्याचा सागरी मासेमारी कायदा झाला, माशांचा अख्खा थवा वेढून घेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवरून छोटे मच्छीमार आणि मोठे बोटवाले समोरासमोर आले. नारळीपौर्णिमेला दर्याची पूजा करून होड्या लोटायचा रिवाज आणि सरकारने ठरवलेली पावसाळी बंदी, एवढ्यावरही एक प्रबंध उभा राहील. प्रश्न कायद्याचा किंवा निर्यातीच्या बाजाराचा असेल, तर किनाऱ्याला पर्याय नाही. मात्र पहाटेचा लिलाव पाहायचा तर बंदरावरच महिनोन्‌महिने राहावं लागतं. तो खर्च आधी मांडा.

हाताशी एकच वर्ष असेल, तर मी आपला मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, निवडायला सांगेन. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव १९५१ ला मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपल्यावर सरकारकडे गेले. आता ढिवर या इथल्या मासेमार समाजाच्या सहकारी संस्था ते ठेक्याने घेतात, रोहू-कतल्याचं बीज सोडतात. पाण्यात बेशरम हे झुडूप माजलं. तलावातल्या मूळच्या मासोळ्यांची नावं विचारायची तर म्हाताऱ्यांकडेच जावं लागतं, आणि ती माणसं दरवर्षी कमी होताहेत. मला याचीच घाई वाटते. तुलनेला जुनी नोंदही आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात ढिमरांची, म्हणजे ढिवरांचीच, मासेमारी, शिंगाड्याची लागवड, पालखी वाहणं हे सगळं आलंय. नजर इंग्रज साहेबाची आहे, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

घरच्या कामात एक मोठी अडचण आहे. तलावाचं पाणी धानाला सोडायचं, की मासोळीसाठी राखायचं, यावरून गावात तंटे होतात. तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे असाल, तर ढिवर मोहल्ल्यात तुम्ही आधीच एका बाजूचे ठरता. कोकणात तुम्ही परके असता, म्हणून लोक सगळं फोडून सांगतात. इथे ‘तुले तर माहीतच हाय’ म्हणून विषय संपतो. हा विश्वास मिळवायला दोन-तीन महिने धरा, आणि मार्गदर्शकांनाही तसं आधीच सांगा.

सुरुवात शिंगाड्याच्या हंगामात करा. बाया शिंगाडे उकडत, सोलत तासन्‌तास बसतात. पहिले काही दिवस वही घरीच ठेवा आणि त्यांच्यासोबत सोलायला बसा.