लिनक्स मिंट २२: आठ महिने वापरल्यावर, आणि वाय-फायचं बटण गायब झालं त्याबद्दल

दहा वर्षांचा लॅपटॉप भंगारात द्यायचं जिवावर आलं, म्हणून त्यावर लिनक्स मिंट २२ टाकलं, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. आज मुलीचा अभ्यास, आईचे व्हिडिओ कॉल, माझी बिलं, सगळं त्यावरच चालतं. २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मी मनापासून खूश आहे. पण पहिली संध्याकाळ वाय-फायने खाल्ली, ते सविस्तर सांगते.

इन्स्टॉल झालं, आवाज आला, स्क्रीन छान दिसली. नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक केलं तर वाय-फायचं बटणच नाही! तासभर मी राउटर बंद-चालू करत बसले. तो तास फुकट गेला, कारण बटण बंद दिसणं आणि बटण मुळातच नसणं हे दोन वेगळे आजार आहेत. बटण आहे पण चालू होत नाही, तर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) 'आरएफकिल लिस्ट' (rfkill list) द्या. 'हार्ड ब्लॉक्ड' समोर 'येस' आलं, तर लॅपटॉपच्या कडेचा खटका किंवा कीबोर्डवरची वाय-फायची कळ तपासा. बटणच नसेल तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे वाय-फाय कार्ड चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर. 'एलएसपीसीआय -एनएनके' (lspci -nnk) दिल्यावर माझं कार्ड यादीत होतं, पण त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' (Kernel driver in use) ही ओळ नव्हती. तिथेच दुखणं सापडलं.

ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर! फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देणं) चालू केलं. मिंटने ते वायरचं कनेक्शन म्हणून लगेच उचललं. मग मिंटच्याच ड्रायव्हर मॅनेजर या प्रोग्राममध्ये सुचवलेला ड्रायव्हर निवडला, रीस्टार्ट केलं, आणि बटण हजर. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल करताना पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतरच्या निळ्या स्क्रीनवर 'एनरोल एमओके' (Enroll MOK) निवडून तोच द्यायचा. ती स्क्रीन घाईत सोडू नका.

तिसऱ्या महिन्यात कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट झाला आणि बटण परत गेलं. या वेळी घाबरले नाही. लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या ग्रब या मेन्यूच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडला, वाय-फाय चालू. नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर तयारच झाला नव्हता. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकल्यावर काम झालं. तेव्हापासून नवा कर्नल आठवडाभर नीट चालल्याशिवाय मी जुना काढत नाही.

तुम्ही टाकणार असाल तर आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (म्हणजे इन्स्टॉल न करता) चालवा आणि सगळ्यात पहिलं वाय-फायचं बटण बघा. नसेल तर फोनची केबल हाताशी ठेवूनच इन्स्टॉलला बसा.