बुकिंग होतं, पैसे भरलेले नव्हते

मालदीवमधल्या मालेच्या वेलाना विमानतळातून बाहेर पडलं की समोर रिसॉर्टवाल्यांच्या काउंटरची रांग लागते. आमच्या रिसॉर्टच्या मुलाने टॅबवर आमचं नाव दोनदा शोधलं, मग पासपोर्ट मागून स्पेलिंग पाहिलं आणि शेवटी काही न बोलता टॅब माझ्याकडे वळवला. आठ-दहा नावं होती. आमचं नव्हतं.

डिसेंबर २०२४. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आयुष्यात एकदाच करायची चैन ठरवली होती. लगूनमध्ये, म्हणजे बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात, खांबांवर उभा व्हिला, खोलीच्या पायऱ्या थेट पाण्यात, चार रात्री, जायला-यायला सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान.

मी बँकेत आहे, सव्वीस वर्षं. ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका, हे दिवसातून दहा वेळा लोकांना सांगणारी बाई मीच. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

एजंट सुचवला शाखेतल्या मैत्रिणीने. ती आदल्याच वर्षी त्याच्याकडून मालदीवला जाऊन आली होती. ट्रिप खरी, फोटो खरे. माझी निम्मी शंका तिथेच मेली. स्वस्त कसं काय, असं विचारलं तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं : ‘‘जानेवारीतल्या त्या वादानंतर आपले लोक जात नाहीत ना मॅडम, म्हणून रेट पडलेत.’’ मालदीवच्या मंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल वाईट लिहिलं म्हणून वाद झाला होता, भारतीय पर्यटक घटलेही होते, त्यामुळे पटलं.

तीन लाख वीस हजार. वर पाच टक्के जीएसटी, पाच टक्के टीसीएस (एजंटने आपल्याकडून घेऊन आपल्या नावावर सरकारात भरायचा कर), सगळं रीतसर कोटेशनवर. कार्डाने भरले तर दोन टक्के जास्त पडतील म्हणाला. ते सहा-सात हजार वाचवायला मी एनईएफटी केलं. कार्ड असतं तर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता, हे मी स्वतः ग्राहकांना समजावते.

आता मुद्द्याचं. मी डोळे मिटून पैसे दिले नव्हते. ऑक्टोबरमध्ये रिसॉर्टला थेट मेल केला, कन्फर्मेशन नंबर दिला. दुसऱ्या दिवशी गोड उत्तर आलं, हो, तुमचं बुकिंग आहे, स्वागताला उत्सुक आहोत. मेल यांना वाचून दाखवला, मुलीला फॉरवर्ड केला आणि निर्धास्त झाले. त्याच मेलच्या तळाशी एक ओळ होती, की बुकिंग एजंटकडून ठरलेल्या मुदतीत रक्कम येण्यावर अवलंबून आहे. ती मी वाचली डिसेंबरात, विमानतळाच्या बाकड्यावर बसून.

झालं होतं असं. त्याने बुकिंग खरंच केलं, पण ठरावीक तारखेपर्यंत फुकट रद्द करता येईल असं. नंबर खरा, नाव खरं, रिसॉर्टला विचारा नाहीतर कुणालाही विचारा, सगळं जुळणार. आम्ही विचारून झालो, शांत बसलो आणि ८ नोव्हेंबरला त्याने ते रद्द केलं. दमडीही न भरता. काउंटरवरच्या मुलाने बिचाऱ्याने रिझर्व्हेशनला फोन लावून तारीख काढून दिली. विमानाची तिकिटं आमची आम्ही काढलेली, म्हणून निदान मालेपर्यंत तरी पोचलो!

एजंटने फोन पहिल्याच रिंगला उचलला, याचं मला आजही नवल वाटतं. ‘‘रिसॉर्टची सिस्टिम डाउन आहे, दोन तास द्या.’’ आम्ही दिले. सीप्लेन फक्त उजेडात उडतात. साडेपाचला काउंटर आवरायला लागले तशी मी परत फोन केला. तेव्हापासून तो नंबर बंद आहे.

रात्र हुलहुमालेच्या एका गेस्टहाउसमध्ये काढली. हे पलंगावर छताकडे बघत पडले होते. मी तिथल्या नोटपॅडवर हिशेब मांडला. सीप्लेनचं जाण्या-येण्याचं भाडं माणशी साडेचारशे डॉलरच्या आसपास, म्हणजे दोघांचे पंच्याहत्तर-ऐंशी हजार गेले. उरले दोन लाख चाळीस. त्यातून माणशी रात्रीला सहा डॉलर ग्रीन टॅक्स (१ जानेवारी २०२५ पासून तो बारा झालाय), दहा टक्के सर्व्हिस चार्ज, त्यावर तेव्हाचा सोळा टक्के तिथला जीएसटी. खोली आणि दोन वेळच्या जेवणाला रात्रीचे शेहेचाळीस हजार राहत होते. रिसॉर्टच्या साइटवर नुसत्या खोलीचा दर त्याच्या दुप्पट होता. तुमच्या खिशात कितीही शून्यं असोत, ही वजाबाकी पाच मिनिटांची आहे.

‘‘अहो, परत जायचं का?’’ विचारलं तर हे म्हणाले, आलोय तर समुद्र बघू. मग माफुशीला गेलो, स्पीडबोटीने. ते लोकवस्तीचं बेट. दारू नाही, पोहायचा किनाराही ठरवून दिलेला. सकाळी नाश्त्याला मासहुनी मिळायची, म्हणजे टुना, ओला नारळ, कांदा, मिरची कालवून आणि सोबत रोशी. आपल्या पोळीची चुलत बहीण. चांगली होती, खोटं कशाला बोलू. सँडबँकच्या, म्हणजे समुद्रातल्या वाळूच्या पट्ट्याच्या, सहलीला बोट निघाली तेव्हा लांबून एका रिसॉर्टचे व्हिले दिसले आणि पाण्याचा गडद निळा रंग एकदम फिका, काचेच्या बांगडीसारखा हिरवा झाला. लगून. यांनी मोबाईल काढला आणि परत खिशात ठेवला.

परतल्यावर १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. पण ती यंत्रणा पैसे ताजे असताना खाती गोठवायला. माझे पैसे जाऊन तीन महिने झालेले. पोलीस ठाण्यात आधी ‘दिवाणी प्रकरण आहे’ म्हणाले. तशीच फसलेली आणखी चार कुटुंबं सापडली, सगळे एकत्र गेलो, तेव्हा गुन्हा नोंदवून घेतला. ग्राहक आयोगातही तक्रार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर किती कर जमा झाला याचा सरकारी उतारा, मात्र जिव्हारी लागला. टीसीएस सप्टेंबरात घेतला, त्या तिमाहीचं विवरणपत्र एजंटने १५ ऑक्टोबरपर्यंत भरायचं होतं. म्हणजे नोव्हेंबरात लॉगिन करून पाहिलं असतं तर कळलं असतं की माझ्या पॅनवर त्या टीसीएसचा एक रुपयाही जमा नाही. माणूस सरकारचे पैसे गिळतो तर माझे सोडणार होता थोडाच?

मैत्रिणीशी बोलणं आता कामापुरतंच. तिची काही चूक नाही, पण त्या चार कुटुंबांचे व्यवहार पाहिले तर आधीच्यांच्या ट्रिपा नंतरच्यांच्या पैशांवर होत होत्या. तिच्या फोटोंकडे पूर्वीसारखं बघवत नाही.

आता कुणी विचारलं की रिसॉर्टला पाठवायचा मजकूरच लिहून देते. बुकिंग आहे का, हे विचारूच नका. पूर्ण रक्कम तुमच्याकडे जमा झाली का आणि हे बुकिंग आता कुणालाही फुकट रद्द करता येतं का, एवढंच विचारा. रद्द करायची मुदत संपल्यावर पुन्हा विचारा. परवा शाखेतल्या एकाला बालीसाठी हाच मजकूर दिला. त्याने भाबडेपणाने तो आधी एजंटलाच दाखवला. एजंटला वाईट वाटलं म्हणे, इतका अविश्वास! मेल अजून गेलेला नाही.