रक्ती हगवणीवरची अ‍ॅम्प्रोलियमची पुडी: औषध चांगलं, माप मात्र शेडचं

कोंबडी पिसं फुलवून, पंख सैल सोडून कोपऱ्यात पेंगायला लागली, तुरा फिकट पडला आणि खाली लाल शीट दिसली, की सोलापुरात पोल्ट्री औषधांच्या दुकानातून हमखास एक पुडी हातात पडते. अ‍ॅम्प्रोलियम 20 टक्के, पाण्यात विरघळणारी पावडर, 100 ग्रॅम. आतड्यातल्या परजीवीमुळे होणाऱ्या रक्ती हगवणीवर (कॉक्सिडिओसिस) हे औषध जुनं आणि खात्रीचं आहे. रोग ओळखण्यात चूक नसेल आणि माप बरोबर असेल, तर दोन-तीन दिवसांत रक्त थांबतं. पण पुडी बनवली आहे शेकड्यांनी पक्षी असलेल्या शेडसाठी, आणि परसातल्या चार कोंबड्यांसाठी ती वापरताना गडबड होते ती तिथेच.

आधी मापाचं बोलू. पाकिटावर बहुधा ‘50 लिटर पाण्यात 60 ग्रॅम’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे लिटरला 1.2 ग्रॅम. चार मोठ्या कोंबड्या एरवी दिवसाला साधारण एक लिटर पाणी पितात, एप्रिल-मेच्या उन्हात दुप्पट. पाच दिवस हे पूर्ण प्रमाण, मग पुढचे आठ-दहा दिवस लिटरला 0.3 ग्रॅम. एरवीच्या पाण्याचा सगळा हिशेब केला तर लागतात साधारण नऊ ग्रॅम. उरलेली नव्वद ग्रॅम फडताळात ओल धरत बसते.

सव्वा ग्रॅम चमच्याने मोजायच्या भानगडीत पडू नका, चमच्याचा काही भरवसा नाही. सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा असेल तर उत्तम. नसेल तर दुकानदाराकडून 6 ग्रॅमची वेगळी पुडी तोलून घ्यावी, ती अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवावी आणि त्यातलं 100 मिली पाणी मोजून 900 मिली साध्या पाण्यात घालावं. झालं एक लिटर औषधाचं पाणी. उरलेलं घट्ट पाणी मात्र दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचं, सहातली जवळपास पाच ग्रॅम वाया गेली तरी. काही दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात पिंपभर पाण्यात औषध एकदाच कालवून ठेवायचा मोह होतो, तो टाळावा. रोज सकाळी ताजं करावं, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, सावलीत.

एवढं करूनही गुण आला नाही, तर पहिला संशय दुसऱ्या पाण्यावर घ्या. कोंबडी धुण्याच्या दगडाखाली साचलेलं पिते, गळक्या नळाखालचं पिते, कलिंगडाच्या सालीतून पाणी मिळवते. औषधाचं पाणी तसंच राहतं. पाच दिवस दुसरं पाणी दिसताच कामा नये. जी फार मलूल आहे ती आपणहून पीतच नाही. तिला हेच तयार पाणी (घट्ट नव्हे) सिरिंजने चोचीच्या कडेने थेंब थेंब द्यावं, एका वेळी चार-पाच मिली, दर दोन तासांनी. चोच उघडून थेट आत पिचकारी मारली तर जिभेमागच्या श्वासाच्या छिद्रातून पाणी फुफ्फुसात जातं, आणि हगवणीतून वाचली असती ती त्यानेच जाते.

आता सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती पुडीपेक्षा काउंटरवरच्या सल्ल्याबद्दल आहे. अ‍ॅम्प्रोलियमबरोबर ‘अशक्तपणा आलाय, हेही घ्या’ म्हणून व्हिटॅमिनची बाटली दिली जाते. अ‍ॅम्प्रोलियमची रचना बी-1 जीवनसत्त्वासारखी असते. आतड्यातला परजीवी बी-1 घ्यायला जातो आणि वाट अडवली जाते, औषध चालतं ते असं. त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स ओतलं, तर एका हाताने औषध आणि दुसऱ्या हाताने त्याचा उतारा. व्हिटॅमिन द्यायचंच तर कोर्स संपल्यावर. तोवर अशक्तपणाला माणसांचं साधं ओआरएस पुरेसं आहे. ज्वारीच्या कण्या, भिजवलेली भरड चालू ठेवावी.

उलट बाजूही आहे. प्रमाण दुप्पट-तिप्पट झालं किंवा आठवड्यांमागून आठवडे चाललं, तर कोंबडीलाच बी-1 कमी पडतं: पाय लुळे पडतात, मान मागे वळून चोच आभाळाकडे जाते. हे पाहून लोक ‘मानमोडी आली’ म्हणतात. तेव्हा औषध ताबडतोब बंद करावं, आणि आता मात्र बी-1 द्यावं.

खरी मानमोडी, म्हणजे राणीखेत, विषाणूची. तिच्यात हिरवट-पांढरी शीट, तोंड उघडून श्वास, पाहता पाहता अख्खा कळप आडवा. तिथे ही पुडी शून्य कामाची. लासोटा आणि पुढे आर-टू-बी लस वेळेवर दिली असेल तरच काही खरं. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली तर मेलेली कोंबडी कापून पाहू नका. 1962 या जनावरांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा किंवा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

लाल दिसलं म्हणून रक्तच, असंही नाही. निरोगी कोंबडीही दर आठ-दहा शिटांमागे एक चॉकलेटी, चिकट, घाण वासाची टाकते. ती अंधांत्राची, म्हणजे आतड्याच्या शेवटाकडच्या बंद नळ्यांतली शीट, नेहमीचीच. पांढऱ्या कागदावर ताजी शीट घेऊन काडीने पसरावी. खरं रक्त लाल तार धरतं किंवा गाठी दिसतात. शंका असेल तर सकाळची ताजी शीट झाकणाच्या डबीत घालून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासायला न्यावी. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवीची अंडी मोजली की पुडी घ्यायची की नाही ते कळतं.

हा रोग जास्त करून तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना धरतो. रक्त दिसेपर्यंत आतडं फाटलेलं असतं, ते पुडी शिवत नाही. ती पुढचा हल्ला थांबवते. म्हणून आजारी एकीला डालग्याखाली वेगळं ठेवलं तरी औषध सगळ्यांना द्यायचं. पिल्लांच्या तयार खाद्यात हेच किंवा तसलंच औषध आधीच असू शकतं. पोत्यावरचं लेबल वाचावं.

खुराड्याला फिनेल मारून या परजीवीची अंडी मरत नाहीत. ओलावा आणि ऊब मिळाली की दिवस-दोन दिवसांत ती लागण करायला तयार होतात. सोलापूरचा सप्टेंबरमधला पाऊस त्यांना फार मानवतो. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भुसा रोज काढून टाकावा आणि भांडं विटेवर उचलून ठेवावं. उन्हाळ्यात उलट आपली बाजू वरचढ: भुसा पत्र्यावर पातळ पसरून दुपारभर वाळवला की अर्धं काम फुकटात होतं.

अंड्यांबाबत, अमेरिकेत आणि युरोपात या औषधासाठी थांबायचे दिवस शून्य धरतात. आपल्या पाकिटावर वेगळं छापलं असेल तर ते पाळावं.

पाकीट फोडून कागदात बांधून दिलेली सुटी पावडर घ्यायचीच असेल, तर पाकीट डोळ्यांसमोर फोडायला सांगावं आणि नाव, टक्के, मुदत कागदावर लिहून घ्यावी. 20 टक्क्यांच्या जागी दुसरंच काही असलं तर वरचा सगळा हिशेब चुकतो. त्यापेक्षा गल्लीतल्या तीन-चार घरांनी मिळून एक सीलबंद पुडी घ्यावी, आणि काट्यावर वाटून घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरावी. तीन दिवसांत फरक पडला नाही तर माप वाढवू नका, डॉक्टर गाठा.